दिगंबर मरता कामा नये

उपेंद्र बोकील दुबईत डॉक्युमेंट कंट्रोलर होता. या हुद्द्याचं मराठी त्याला कधी सापडलं नाही. नाशिकला गेला की मामा विचारायचे, "म्हणजे नक्की करतोस काय रे?" तो सांगायचा, "इमारतींचे नकाशे येतात. त्यांच्यावर शिक्के मारतो." मामा समाधानानं मान डोलवायचे. शिक्के मारणारा माणूस त्यांना कळत होता.

काम त्याहून थोडं अवघड होतं. ठेकेदाराकडून नकाशा यायचा, इंजिनिअर त्यावर लाल शाईनं रेघोट्या ओढायचे आणि मग त्याला एक कोड मिळायचा. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे मंजूर, पण सूचना पाहा. सी म्हणजे सुधारून परत आणा. डी म्हणजे हे काय आणलंत! ही अक्षरं उपेंद्रच्या अंगात भिनली होती. दुबईच्या अल मनखूल भागातल्या घरात त्याची बायको मृणालिनी नवी भाजी करून पुढ्यात ठेवायची आणि विचारायची, "कोड?"

"बी."

"मग सूचना गिळून टाक."

संध्याकाळी हाच माणूस कादंबरी लिहायचा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात रिव्हिजनचं अक्षर, म्हणजे हा कितवा खर्डा ते: ए, बी, सी असं पुढे. स्वतःच लिहायचं, स्वतःच शिक्का मारायचा. पहिलं प्रकरण रिव्हिजन 'के'पर्यंत पोचलं तेव्हा मृणालिनी म्हणाली, "अरे, एवढ्या वेळात तुमच्याकडे चाळीस मजले उठतात." तो म्हणाला, "मजल्याला कुणी विचारत नाही की तू उठून काय साधलंस."

त्या कादंबरीचं मूळ २००९ च्या जानेवारीत होतं. दुबईतल्या क्रेन तेव्हा मंदीनं आकाशात माना वर करून थिजल्या होत्या. ऑफिसात दर दोन दिवसांनी एखादी खुर्ची रिकामी दिसायची आणि लोक तिच्याकडे न बघता पुढे जायचे. उपेंद्रच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. गुरुवारी, आठवडा संपता संपता, त्यानं धीर गोळा केला आणि लेबनीज मॅनेजरच्या केबिनमध्ये डोकावला. मॅनेजर फोनवर होता.

"सर, माझ्या व्हिसाचं..."

मॅनेजरनं फोन खांद्याशी दाबला, दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले आणि म्हणाला, "खलास, उपेंद्र. खलास. यल्ला."

यल्ला म्हणजे चला. उपेंद्रनं मान खाली घातली. जागेवर आला. कपाटातला कप घेतला. खिडकीतलं मनीप्लांट घेतलं. शेजारच्या टेबलांवर जाऊन एकेकाचा हात हातात घेतला. कुणी काही विचारलं नाही, कारण त्या महिन्यात कुणी काही विचारत नव्हतं. चहा देणारा मुश्ताक तेवढा रडला आणि त्यानं त्याला शेवटचा म्हणून दोन चमचे जास्त साखरेचा चहा दिला.

घरी मृणालिनीनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिनं पुण्याच्या बहिणीला फोन केला, शाळेची फी आठवली आणि बिल्डिंगच्या फलकावर चिठ्ठी लावली: सोफा विकणे आहे. शुक्रवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या झुबेदाबाई आल्या. रत्नागिरीच्या. त्यांनी सोफ्यावर तीनदा बसून पाहिलं, भाव केला आणि संध्याकाळपर्यंत सोफा लिफ्टमधून खाली नेलासुद्धा.

मग शनिवारभर नवरा-बायको आणि सहा वर्षांची आभा जमिनीवर बसून होते. भिंतीला पाठ टेकून. जेवले तिथेच, पत्ते खेळले तिथेच. गंमत म्हणजे इतकी निवांत शनिवारची दुपार त्या घरानं आधी पाहिली नव्हती. उपेंद्रला उद्याची घाई नव्हती. मृणालिनी लग्नाआधी कथ्थक शिकत होती हे त्याला त्या दुपारी पुन्हा आठवलं. तिनं चार बोल करून दाखवले. जागा भरपूर होती.

रविवारी सकाळी मॅनेजरचा फोन आला. "उपेंद्र! व्हेअर आर यू?"

"सर, यू सेड खलास."

"यस! खलास! युअर व्हिसा, आय साइन्ड, खलास! व्हाय यू नॉट कमिंग?"

खलास म्हणजे संपलं. पण खलास म्हणजे झालं, मिटलं, ठरलं, आता डोकं खाऊ नकोस, असंही. अकरा वर्षं उपेंद्र स्वतः हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरत होता. त्या गुरुवारी मात्र तो त्याला अरबीत ऐकूच आला नाही. घाबरलेला माणूस मातृभाषेतच ऐकतो, असं नंतर त्यानं कादंबरीत लिहिलं. त्या वाक्याला त्यानं स्वतःच ए दिला होता.

म्हणजे नोकरी त्याची गेलीच नव्हती. तो बेकार होता ते फक्त शुक्रवार आणि शनिवार, आणि ती तर सुट्टीच होती. तो तिसऱ्या मजल्यावर सोफा परत मागायला गेला. झुबेदाबाई सोफ्यावरूनच म्हणाल्या, "भाऊजी, सौदा झाला तो झाला. तुम्ही चहा घ्या. बसा ना, सोफा चांगला आहे."

या अडीच दिवसांवर त्यानं दोनशे साठ पानं लिहिली. नाव, 'थांबलेली क्रेन'. नायक दिगंबर. मॅनेजर खलास म्हणतो ते बाविसाव्या पानावर, आणि त्याचा खरा अर्थ कळतो दोनशे एकतिसाव्या पानावर. मधली सगळी पानं वाचक दिगंबरसोबत जमिनीवर बसतो, त्याच्यासारखाच फसलेला. शेवटी फोन येतो आणि दीड पानात सगळं उलटं होतं. त्या दीड पानावर उपेंद्रनं चार महिने घालवले होते. रात्री झोपेत पाठ म्हणून दाखवलं असतं.

पुण्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक काढलं. एका परीक्षणात 'संथ' हा शब्द दोनदा आला. उपेंद्रनं ते कात्रण जपून ठेवलं, कारण तिसऱ्या ओळीत 'तरीही' होतं.

मग २०१५ साली परेश कुलथे आला.

परेशची अजमानला इव्हेंट कंपनी होती. गणपतीचे मांडव, लग्नांचे स्टेज, लावणीचे कार्यक्रम. आता त्याला सिनेमा काढायचा होता. मराठी, दुबईत घडणारा. त्यानं करार पुढे केला आणि उपेंद्रनं सही केली. इतरांच्या प्रत्येक कागदाची प्रत्येक रिव्हिजन तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा करार वाचलाच नाही. 'आवश्यक ते सर्व बदल करण्याचा निर्मात्यास अधिकार राहील' ही ओळ त्याला नंतर परेशनं वाचून दाखवली.

"दादा, खून पाहिजे," परेश म्हणाला.

"कुणाचा?"

"दिगंबरचा. इंटरव्हलला."

"अरे, तो नायक आहे!"

"म्हणून तर! संशय मॅनेजरवर, मग सोफेवाल्या बाईवर, आणि शेवटी कळतं, बायकोनं केला. इन्शुरन्ससाठी. काटा येईल अंगावर."

"पण कादंबरीत खून आहेच कुठे?"

परेशनं सुस्कारा सोडला. "आईला विचारा."

परेशची आई, कावेरीकाकू, साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आली होती. परेशच्या मते आई म्हणजेच पब्लिक. आईला कळलं ते महाराष्ट्राला कळलं. काकूंनी 'थांबलेली क्रेन' विमानात सुरू केली होती आणि अजमानच्या बाल्कनीत संपवली होती. शेवटच्या पानापर्यंत, एकही ओळ न गाळता.

"पुस्तक छान आहे हो," काकू म्हणाल्या. "पण मला एक सांगा. साहेबानं सरळ खलास करायची धमकी दिली, तर हा पोलिसात का गेला नाही?"

"काकू, ती धमकी नव्हती. शेवटी साहेब सांगतो ना, की अरबीत त्याचा अर्थ..."

"सांगणारच!" काकू म्हणाल्या. "अंगाशी आल्यावर कोण कबूल करतो? म्हणे मी तसं म्हणालोच नाही. मला तर तेव्हाच वाटलं, हा आता त्याला ऑफिसात बोलावतोय आणि तिथे गाठणार."

चार महिन्यांचं दीड पान. काकूंनी ते एका गुन्हेगाराची सारवासारव म्हणून वाचलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तसं वाचता येत होतं. त्यानं मनातल्या मनात तपासून पाहिलं. एकही वाक्य आड येत नव्हतं.

"बघा," परेश म्हणाला. "मला खलास कळतं, तुम्हाला कळतं. साताऱ्यात खलास म्हणजे मुडदा. शब्द तोच ठेवून मुडदा नसेल, तर पब्लिक पैसे परत मागेल. तुम्ही असं लिहून आणा की आईला कळेल. नाहीतर मुंबईचा एक रायटर आहे, तो खून करून देईल. नाव तुमचंच राहील, काळजी करू नका."

काळजी तीच होती. नाव त्याचं आणि मेलेला दिगंबर.

घरी मृणालिनीनं भांडी घासता घासता ऐकलं. "म्हणजे मी तुला मारते?"

"तू नाही. दिगंबरची बायको."

"तिनं सोफा विकला?"

"हो."

"तिनं कथ्थक केलं?"

"हो."

"मग मीच." तिनं नळ बंद केला. "कशानं मारते?"

"परेश म्हणतो, बिर्याणीतून."

"मला बिर्याणी येत नाही हे त्याला सांग." तिनं हात पुसले. मग म्हणाली, "उपेंद्र, त्या दोन दिवसांत तू घरात होतास. आधी नव्हतास, नंतरही फारसा नाहीस. ते दोन दिवस आहेत माझ्याकडे. त्यात मुडदा नको."

ही सूचना मात्र गिळता येण्यासारखी नव्हती.

उपेंद्र पटकथेला बसला. कादंबरी लिहिणं आणि पटकथा लिहिणं यात काय फरक, असं त्याला कुणी विचारलं असतं तर आधी त्यानं भाषण दिलं असतं. आता तो फक्त कुरकुरत होता. कादंबरीत 'दिगंबरला वाटलं' असं लिहिलं की काम भागत होतं. पडद्यावर दिगंबरला काहीही वाटलं तरी तो नुसताच उभा दिसायचा. कादंबरीत शनिवारची दुपार सत्तर पानं चालायची. पडद्यावर तीन माणसं जमिनीवर बसलेली. तिसऱ्या मिनिटाला लोक फोन काढणार.

रिव्हिजन ए मध्ये त्यानं निवेदकाचा आवाज घातला. 'आखाती देशांत एक शब्द आहे...' अशी सुरुवात. शुक्रवारी सकाळी परेशच्या घरी वाचन झालं. काकू घेवडा मोडत बसल्या होत्या. निवेदक बोलू लागला आणि काकूंचे डोळे मिटले. हात मात्र घेवडा मोडतच राहिले.

रिव्हिजन बी मध्ये दिगंबरचा मित्र हॉटेलात त्याला खलासचे सगळे अर्थ समजावून सांगतो. काकू म्हणाल्या, "हा मास्तर कोण? आणि याला एवढं कळतं तर दिगंबरला का नाही कळलं? तोही तिथेच राहतो ना?"

"काकूंचा प्रश्न बरोबर आहे," उपेंद्र परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाला. अजमान ते दुबई, शारजातून, ट्रॅफिकमध्ये. मृणालिनी शेजारी होती, मागे आता बारा वर्षांची झालेली आभा. "कोड सी. आता शेवटची संधी आहे. पुढच्या शुक्रवारी नाही जमलं तर तो मुंबईवाला येणार."

"Baba, why don't you just make him not die?" आभा म्हणाली.

"तेच करतोय ग."

"No, you're explaining. You always explain."

मृणालिनी खिडकीबाहेर बघून हसली. "मी काही बोलले नाही हं."

उत्तर मंगळवारी सकाळी आलं, आणि आलं तेही नाश्त्याच्या गडबडीत. आभानं दुधाचा पेला उलटा करून दाखवला. "Khalas." संपलं. मृणालिनी फोनवर इस्त्रीवाल्याला सांगत होती, "हां भैया, सात शर्ट, शाम को, खलास." ठरलं. खाली लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं दार लावून बटण दाबलं, लिफ्ट हलली, "खलास, सर!" झालं. आणि पार्किंगमध्ये एक अरब आजोबा पडलेल्या नातवाचा गुडघा चोळत होते. "खलास, हबीबी, खलास, खलास." रडू नकोस.

उपेंद्र चावी हातात धरून उभाच राहिला. इथे आल्यावर त्याला हा शब्द कुणी समजावून सांगितला होता? कुणीच नाही. तो त्यानं ऐकला होता, तो म्हणताना लोक काय करतात ते बघितलं होतं. प्रेक्षकालाही तसाच शिकवायचा. एकही वाक्य न बोलता.

पण मग एक अडचण होती. प्रेक्षकाला अर्थ आधीच कळणार. दिगंबर फसेल, प्रेक्षक फसणार नाही. शेवटच्या फोनची सगळी गंमत जाणार. म्हणजे ते दीड पान जाणार.

ऑफिसात दिवसभर त्यानं शिक्के मारले. संध्याकाळी मृणालिनीला सांगितलं. "चार महिने लागले होते ग त्याला."

"मला माहीत आहे. मी तेव्हा याच घरात होते."

"लोक म्हणतात, पुस्तकाचा सिनेमा करताना गाभा ठेवायचा. मला वाटायचं ते दीड पान म्हणजेच गाभा."

"आणि आता?"

"आता वाटतंय, ती माझी हुशारी होती." तो थांबला. "चांगली होती पण."

"खूप चांगली होती," मृणालिनी म्हणाली. "पुस्तकात आहे ना, तिथे कोण हात लावतंय?"

शुक्रवारी तिघं पुन्हा अजमानला गेली. परेशनं मुंबईच्या लेखकाचा नंबर कागदावर लिहून तयारच ठेवला होता. कावेरीकाकू घेवडा घेऊन बसल्या. उपेंद्रनं पाणी प्यायलं आणि रिव्हिजन सी वाचायला घेतलं.

पहिल्या दृश्यात चहाचा डबा उपडा होतो. खलास. दुसऱ्यात आई मुलीची वेणी घालते, मुलगी वळवळते, रिबीन बसते. खलास. मग एका दुकानात घासाघीस, शेवटी हातावर टाळी. खलास. मग दवाखान्यात सुई, रडणारं पोर, नर्स पाठ थोपटते. खलास, खलास. कुणी काही समजावत नाही. काकू घेवडा मोडत होत्या.

"आता ऑफिस," उपेंद्रनं वाचलं. "मॅनेजर फोनवर. समोर दिगंबरच्या व्हिसाचा कागद. मॅनेजर त्यावर सही करतो, शिक्का मारतो, कागद ट्रेमध्ये टाकतो. दारात दिगंबर. त्याला टेबलावरचं काही दिसत नाही. सर, माझ्या व्हिसाचं... मॅनेजर हात झटकतो. खलास, दिगंबर, खलास."

घेवडा मोडायचा आवाज थांबला.

"दिगंबर मान खाली घालतो. जागेवर येतो. कप पिशवीत टाकतो."

"अहो, हा कुठे निघाला?" काकू म्हणाल्या.

"घरी, काकू. त्याला वाटतंय नोकरी गेली."

"पण सही झाली ना!"

"झाली."

"मग सांगा ना त्याला!"

"मला नाही सांगता येत, काकू."

"का नाही? तुम्हीच लिहिलंय ना?" काकू परेशकडे वळल्या. "काय मेला बावळट माणूस आहे! एकदा तोंड उघडून विचारायला काय जातंय?"

उपेंद्र वाचत राहिला. मनीप्लांट निघालं. चहावाला रडला आणि काकूंनी कपाळावर हात मारला. फलकावर चिठ्ठी लागली. तिसऱ्या मजल्यावरची बाई आली आणि सोफ्यावर बसून बघू लागली.

"नका देऊ तिला!" काकू ओरडल्या. मांडीवरचं ताट कलंडलं. "परेश, बघ रे, सोफा चालला त्यांचा!"

"आई, सिनेमा आहे."

"मला कळतंय सिनेमा आहे ते. म्हणून काय वाटोळं होऊ द्यायचं?"

परेश हातातल्या कागदाची घडी घालत होता. त्यानं अजून एक प्रयत्न केला. "आणि आई, समज आता इथे खून झाला..."

"कुणाचा?"

"दिगंबरचा. बायको करते."

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं घडी खिशात टाकली. "कशाला रे त्या बिचारीला त्यात ओढतोस? आधीच सोफा गेलाय तिचा." मग उपेंद्रला म्हणाल्या, "वाचा तुम्ही. त्या साहेबाचा फोन कधी येतो?"

"रविवारी."

"आणि आता?"

"शुक्रवार संध्याकाळ."

"अगं आई ग," काकू म्हणाल्या आणि सरसावून बसल्या.

स्वयंपाकघरातून परेशच्या बायकोनं, विनितानं, डोकावून विचारलं, पानं घ्यायची का. सगळ्यांनाच भूक लागली होती. परेश उठलासुद्धा.

"बस खाली," काकू म्हणाल्या. "तो माणूस नोकरी असून जमिनीवर बसलाय आणि तुला जेवण सुचतंय. रविवार उजाडल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

मृणालिनीनं पदर तोंडाला लावला. उपेंद्रनं पान उलटलं. पुढे शनिवारची दुपार होती. तो मुद्दामच सावकाश वाचू लागला.